चंदन कोणाचे? पिरियापट्टण परिसरातील वृक्ष, राज्यसत्ता आणि निगा

म्हैसूर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला पिरियापट्टण तालुका आहे. पश्चिमेला कोडगू, दक्षिणेला नागरहोळेचे जंगल. झाडांचे संरक्षण आणि झाडांची निगा या दोन गोष्टी आपण सहसा एकच मानतो. त्या वेगळ्या कशा आहेत, हे या भागातील चंदनाच्या इतिहासावरून कळते.

टिपू सुलतानाने १७९२ मध्ये चंदनाला राजवृक्ष ठरवले. झाड कोणाच्याही जमिनीत उगवले तरी ते राज्याच्या मालकीचे. पुढे वडियार राजांनी हीच मक्तेदारी चालू ठेवली. ज्या गंधाची खोडे आपल्याकडे सहाणेवर उगाळली जात, त्या व्यापारामागे हा कायदा उभा होता. महसूल मिळाला, परंतु शेतकऱ्याच्या दृष्टीने बांधावरचे चंदनाचे रोप म्हणजे नसती जोखीम. झाड चोरीला गेले तर चौकशी त्याच्याकडे आणि तोडायचा अधिकार मात्र नाही. असे रोप लहानपणीच उपटून टाकणे अनेकांना सोयीचे वाटले, यात नवल नाही. ज्या झाडाला राजाने संरक्षण दिले, ते शेतात वाढूच शकले नाही.

शिवाय चंदनाला निगा लागते ती निराळ्याच प्रकारची. हे झाड अर्धपरजीवी आहे. त्याची मुळे शेजारच्या झाडांच्या मुळांना चिकटून पाणी व क्षार शोषतात. जॉन स्कॉट यांनी १८७१ मध्ये ही गोष्ट नोंदवली. म्हणून चंदन राखायचे तर त्याचा शेजारही राखावा लागतो. एकट्या झाडाभोवती कुंपण घालून भागत नाही.

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, १८९९ मध्ये, शेजारच्या कोडगूत ‘स्पाइक’ रोगाची नोंद झाली. पाने आखूड व ताठ होतात, डहाळ्या काट्यांसारख्या दिसू लागतात, फळधारणा थांबते आणि काही वर्षांत झाड मरते. रोगाला संस्थानाची सीमा ठाऊक नव्हती. तो म्हैसूरच्या चंदनवनांतही शिरला. म्हैसूरच्या सेवेत असलेले लेस्ली कोलमन यांनी १९१७ च्या सुमारास कलमाद्वारे रोग एका झाडातून दुसऱ्यात जातो हे दाखवले. कारण मात्र खूप उशिरा कळले. १९६९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली मायकोप्लाझ्मासदृश जीव दिसले. आज त्यांना फायटोप्लाझ्मा म्हणतात. म्हणजे सत्तर वर्षे वनखाते रोगट झाडे उपटत होते, पण कशाशी लढतो आहोत हे त्याला माहीत नव्हते.

त्याच काळात चंदनाची किंमत वाढत होती. पहिल्या महायुद्धामुळे लाकडाची परदेशी विक्री अडली, तेव्हा विश्वेश्वरय्या दिवाण असताना १९१६ मध्ये बंगळूरला चंदनतेलाचा कारखाना निघाला. तेल मुळांतही असते, म्हणून तोडणीच्या वेळी झाड मुळासकट काढतात. अशा पिकात पुनर्लागवड हाच जगण्याचा मार्ग. पण लागवड करणाऱ्याला मालकी नव्हती.

कर्नाटकाने २००१ मध्ये कायदा बदलून जमीनमालकाला चंदनाची मालकी दिली. तोपर्यंत पिरियापट्टणच्या हलक्या लाल जमिनीत दुसरेच पीक रुजले होते : व्हर्जिनिया तंबाखू. त्याची पाने भट्टीघरात अनेक दिवस उष्णतेवर सुकवावी लागतात आणि ही उष्णता बव्हंशी लाकडाची. तंबाखूचे भाव दर हंगामात मिळतात, चंदनाचा गाभा भरायला मात्र दशके लागतात. माझ्या मते या तालुक्यातील वृक्षप्रश्नाची खरी अडचण या कालांतरातच आहे. नुसत्या वृक्षारोपण मोहिमांनी ती सुटत नाही.

लागवडतज्ज्ञ आज चंदनाच्या रोपाशेजारी आधी तूर आणि पुढे दीर्घकाळासाठी सुरूसारखे झाड आश्रयदाता म्हणून लावायला सांगतात. सुरूचे लाकूड सरपण म्हणूनही चांगले जळते. तेव्हा बांधावरचा सुरू भट्टीत जाईल की चंदनाच्या मुळांशेजारी उभा राहील, हा निर्णय आता त्या शेतकऱ्याच्या हाती आला आहे.