पोस्टाने शिकलेले मास्तर

असा एखादा माणूस तुमच्या ओळखीत असेल. पदवी घेऊन दहा-बारा वर्षे कचेरीत नाहीतर कारखान्यात नोकरी केलेला, घरी बायकामुले, डोक्यावर थोडेफार कर्ज, आणि मनात मात्र एकच गोष्ट घोळते आहे की आपण शाळेत शिकवावे. तो विचारतो, "अहो, आता या वयात नोकरी सोडून कॉलेजात कुठं जाऊन बसू? घरी राहून, रात्री संगणकावर अभ्यास करून शिक्षक होता येईल का?"

प्रश्न आजचा वाटतो, पण तो चांगला शंभर-सव्वाशे वर्षांचा जुना आहे. संगणकाच्या जागी पूर्वी पोस्टाचे पाकीट होते, एवढाच काय तो फरक. इतिहासाने त्याला दिलेले उत्तर अर्धे होकाराचे आणि अर्धे नकाराचे आहे. त्यातले कोणते अर्धे होकाराचे, ते नीट न कळल्यामुळे कितीतरी लोकांची वर्षे आणि पैसे वाया गेले आहेत.

एच. जी. वेल्स हे नाव तुम्ही ऐकले असेल. काळाच्या यंत्रात बसून भविष्यात जाणाऱ्या माणसाची गोष्ट लिहिणारा हा इंग्रज लेखक. पण लेखक होण्यापूर्वी तो मास्तर होता, आणि मास्तर होण्यापूर्वी कापडाच्या दुकानात उमेदवार! १८८१ साली आईने त्याला साउथसी येथील दुकानात उमेदवारीला घातले. दिवसाचे तेरा तास काम. कापडाचे गठ्ठे उचलायचे, ताग्यांच्या घड्या घालायच्या आणि गिऱ्हाइकापुढे मान लववायची. दोन वर्षे त्याने कशीबशी काढली. १८८३ साली एका रविवारी सकाळी तो उठला आणि सतरा मैल चालत आईकडे गेला. आई एका जमीनदाराच्या वाड्यावर कारभारीण होती. तिला त्याने सांगितले, मला हे दुकान नको, मला शाळेत जायचे आहे. आईने काय त्रागा केला असेल, ते तुम्ही समजू शकता. करारासाठी भरलेले पैसे बुडाले होते. पण पोरगा बधला नाही, आणि मिडहर्स्ट या गावच्या शाळेत मदतनीस मास्तर म्हणून रुजू झाला.

या शाळेतली एक गंमत सांगण्यासारखी आहे. त्या काळी इंग्लंडात शास्त्रविषयांच्या सरकारी परीक्षा असत आणि पास होणाऱ्या विद्यार्थ्यामागे शिकवणाऱ्याला अनुदान मिळे. हेडमास्तरांनी हे हेरले. त्यांनी संध्याकाळचे वर्ग काढले. वर्ग कसले, तर हेडमास्तर टेबलाशी आपले काम करीत आणि समोर वेल्स पुस्तके वाचीत बसे. परीक्षा आल्या की तो बसायचा आणि पास व्हायचा, अनुदान हेडमास्तरांना. म्हणजे ज्याला आपण स्वयंअध्ययन म्हणतो, ते त्याने दुसऱ्याच्या फायद्यासाठी का होईना, पण पोटभर केले. त्याच जोरावर त्याला लंडनच्या शास्त्रशाळेची शिष्यवृत्ती मिळाली, तिथे हक्स्लेसारखा गुरू लाभला. पुढे १८८७ साली शेवटच्या परीक्षेत तो नापास झाला ही गोष्टही लपवायला नको. पुन्हा शाळामास्तरकी करता करता अभ्यास करून १८९० साली तो लंडन विद्यापीठाचा बी.एस्सी. झाला.

हे शक्य झाले ते लंडन विद्यापीठाच्या एका निर्णयामुळे. पूर्वी तिथेही जोडलेल्या कॉलेजातून आल्याचा दाखला लागे. १८५८ सालच्या सनदेने ती अट गेली. तुम्ही कुठे शिकलात, हे विद्यापीठ विचारीनासे झाले. परीक्षा द्या आणि पदवी घ्या! झाले, गावोगावचे मास्तर, कारकून, दुकानातले नोकर अभ्यासाला लागले. पण घरी बसून शिकायचे तर चूक कोण दाखवणार? त्यासाठी १८८७ साली विल्यम ब्रिग्ज या गृहस्थाने केंब्रिजला पत्रद्वारा शिक्षणाचे कॉलेज काढले. धडे पोस्टाने जात, उत्तरे पोस्टाने येत आणि तपासून परत जात. आपला वेल्स पदवी मिळाल्यावर याच संस्थेत जीवशास्त्राचा शिक्षक झाला. पण गंमत बघा, जीवशास्त्र शिकायचे तर बेडूक फाडावा लागतो, आणि बेडूक काही पोस्टाने फाडता येत नाही. त्यासाठी लंडनमध्ये प्रत्यक्ष वर्ग ठेवावे लागले, आणि ते वेल्सच घेई.

बेडकाला जे लागू, ते मुलांना लागू नाही काय? शिक्षणशास्त्राची एक परीक्षा वेल्सने नोकरीत असतानाच दिली आणि तीत बक्षीसही मिळवले. ते बक्षीस पुस्तकाच्या बळावर मिळाले. परंतु शिकवायला तो शिकला ते मिडहर्स्टच्या आणि नंतर लंडनजवळच्या किलबर्नच्या शाळेतल्या पोरांसमोर उभा राहून.

आता आपल्या बाजूला येऊ. काठेवाडातल्या वढवाण कँपात गिजुभाई बधेका नावाचे वकील होते. १९१३ साली त्यांना मुलगा झाला. या पोराला शिकवायचे कसे, या विचाराने त्यांना घेरले. आपण स्वतः ज्या मार खाण्याच्या शाळेत शिकलो, तिथे त्याला घालायचे नाही, एवढे नक्की. कुणीतरी त्यांच्या हाती इटलीतल्या माँटेसरीबाईंचे पुस्तक दिले. दूर देशची विद्या पुस्तकाच्या रूपाने घरी आली, वकीलसाहेबांनी ती वाचली, आणि १९१६ साली चालती वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले.

मला महत्त्वाची वाटते ती यापुढची गोष्ट. पुस्तक वाचले आणि दुसऱ्या दिवशी बालमंदिर उघडले, असे गिजुभाईंनी केले नाही. बालमंदिर निघाले १९२० साली. मधली चार वर्षे त्यांनी त्याच संस्थेच्या वसतिगृहात आणि शाळेत मुलांबरोबर काढली. पोरांचे उठणेबसणे, भांडणे, रुसवे पाहिले. मग कुठे लहान मुलांची 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, ही पदवी त्यांना मिळाली. ती कोणत्या विद्यापीठाने दिली नव्हती, म्हणा.

स्वराज्यानंतर शाळा वाढल्या, मास्तर कमी पडले. पदवीधर पण अप्रशिक्षित अशा शिक्षकांची फौजच तयार झाली. इतक्यांना वर्षभर रजा देऊन कॉलेजात बसवायचे तर शाळांना कुलपे लागतील! यावर तोडगा निघाला तो अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथल्या प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयांत. आपल्या महाराष्ट्राच्या वाट्याला भोपाळ होते. १९६६ पासून त्यांनी बी.एड.चा असा अभ्यासक्रम चालवला की दोन उन्हाळ्यांच्या सुट्या महाविद्यालयात राहून शिकायचे, आणि मधले दहा महिने आपल्याच शाळेत नोकरी करीत पोस्टाने येणारे धडे सोडवायचे. म्हणजे सकाळी शाळेत फळ्यापुढे आणि रात्री कंदिलापुढे. यात पत्राने शिकण्याचा भाग आहे, समोरासमोर बसण्याचा आहे, आणि शिकलेले दुसऱ्या दिवशी वर्गात करून बघण्याचाही आहे. ही जुळणी मला आजही नमुनेदार वाटते. पण यातला माणूस आधीच मास्तर होता, हे विसरू नका. त्याला वर्ग शोधायचा नव्हता. बँकेतल्या आपल्या मित्राची अडचण नेमकी तीच आहे.

ती अडचण सोडवण्याचा सरळ प्रयत्न विलायतेत झाला. तिथले मुक्त विद्यापीठ १९६९ साली स्थापन झाले आणि १९७१ च्या जानेवारीत पहिले विद्यार्थी शिकू लागले. त्यांत सर्वांत मोठा गट नोकरीतल्या शिक्षकांचाच होता, कारण पुष्कळांजवळ प्रशिक्षणाचा दाखला होता, पदवी नव्हती. १९९४ साली याच विद्यापीठाने उलट्या बाजूच्या माणसांसाठी दार उघडले. ज्यांच्याजवळ पदवी आहे पण ज्यांनी शाळेत कधी शिकवलेले नाही, अशांसाठी दीड वर्षाचा पदव्युत्तर शिक्षणक्रम. यात इतर व्यवसायांतले लोक आले, मुले मोठी झाल्यावर पुन्हा कामाला लागणाऱ्या गृहिणी आल्या. घरी संगणक, तो टेलिफोनच्या तारेला जोडलेला, आणि त्यावरून शिक्षकांशी व एकमेकांशी लेखी बोलणे. आजचे इंटरनेट त्या वेळी घरोघरी पोचले नव्हते, हे लक्षात घेतले म्हणजे त्या धाडसाची कल्पना येते.

पण खरी करामत संगणकाची नव्हती. प्रत्येक विद्यार्थ्याला एक शाळा जोडून दिलेली असे, आणि त्या शाळेतला एक जुना, जाणता शिक्षक त्याला वाटाड्या म्हणून नेमलेला असे. ठरावीक आठवडे त्या शाळेत उभे राहून शिकवल्याशिवाय सुटका नव्हती. या कामाचा मोबदला शाळेला मिळे. थोडक्यात, पुस्तक तारेवरून घरी आले, पण वर्गासाठी माणसाला घराबाहेर पडावेच लागले. वेल्स्‌मध्ये (हा प्रांत बरं का, आपला लेखक नव्हे) २०२० पासून याच विद्यापीठाने शाळेत मदतनिसाची नोकरी करता करता शिक्षक होण्याचीही सोय केली.

आपल्याकडे काय झाले? मधल्या काळात पत्रद्वारा बी.एड.चे पेव फुटले. काही ठिकाणी कामे चोख झाली, पण सराव पाठ न घेताच घेतल्याचे दाखले मिळतात, अशा तक्रारीही पुष्कळ होत्या. साहजिकच राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेने लगाम खेचला. २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचे झाले, त्यात वीस आठवडे शाळेत काम आले, आणि दूरस्थ बी.एड. हे आधी रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या, प्राथमिक शाळांतल्या सेवेतील शिक्षकांसारख्यांपुरते राहिले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद घेऊन १९८९ साली नाशिकला निघालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने हजारो शिक्षकांना बी.एड. केले, पण ते शिक्षक होतेच. २०१७ ते २०१९ या काळात देशभर बारा लाखांहून अधिक अप्रशिक्षित शिक्षकांना दूरचित्रवाणी आणि इंटरनेटवरून पदविका देण्याचा मोठा उपक्रम झाला. तेही शिक्षक होतेच. शिवाय ही अठरा महिन्यांची पदविका दोन वर्षांच्या पदविकेच्या तोडीची आहे का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

म्हणजे आपल्या बँकेतल्या मित्राला आपल्याकडचे दार बंद! मला विचाराल तर नियमाचे मूळ बरोबर आहे. पोरांसमोर कधी उभा न राहिलेला माणूस मास्तर म्हणून पाठवू नये. पण त्यावरचा उपाय पोस्ट बंद करणे हा नव्हे, शाळेचे दार उघडणे हा आहे. तालुक्यातली एखादी चांगली शाळा वीस आठवडे एका उमेदवाराला वागवून घेईल, तिथला अनुभवी शिक्षक त्याचे पाठ पाहील आणि चुकला तर तोंडावर सांगेल, याची सोय का होऊ नये? तुम्ही शिक्षक असाल तर हा प्रश्न तुम्हालाच आहे. विद्यापीठ धडे पाठवील, पण आपल्या वर्गाच्या मागच्या बाकावर परका माणूस बसवून घ्यायला आपण तयार असतो का? आपल्यापैकी पुष्कळांना ते खपत नाही. तपासनीस आल्यासारखे वाटते.

ज्यांना खपले, अशा बाई होत्या ताराबाई मोडक. १९२३ साली त्या भावनगरला जाऊन गिजुभाईंना मिळाल्या, आणि ती विद्या त्यांनी पुढे मराठी मुलखात, ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला १९४५ साली आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आणली. आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द आज देशभर चालतो, तो तिथला. त्यांच्याबरोबर अनुताई वाघ होत्या. तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेल्या या बाई आधी नाशिक जिल्ह्यातल्या खेड्यात आणि मग पुण्यात शिकवीत होत्या. दिवसा मुलींना शिकवायचे आणि रात्रीच्या शाळेत स्वतः शिकायचे, असे करून १९३७ साली त्या मॅट्रिक झाल्या. बी.ए.ची पदवी त्यांनी घेतली १९६१ साली, वयाची पन्नाशी उलटल्यावर. तोवर त्यांना वर्गात उभे राहून तीस वर्षे झाली होती.