मालेगाव का सुपरमॅन
मालेगाव का सुपरमॅन हा नाशिक जिल्ह्यातील मालेगाव येथे हौशी कलाकारांनी अत्यल्प खर्चात तयार केलेला विज्ञानकल्पनाधारित विडंबनपट आहे. दिग्दर्शन शेख नासिर यांचे असून नायकाची भूमिका यंत्रमाग कामगार शफीक शेख यांनी केली. उड्डाणाची दृश्ये हिरव्या कापडासमोर चित्रित करण्यात आली.

प्रेक्षकांचा प्रतिसाद
शुक्रवार हा मालेगावातील यंत्रमाग कामगारांचा सुट्टीचा व चित्रपट पाहण्याचा दिवस. या प्रेक्षकांसाठी विनोद, ओळखीची बोली व ओळखीचे रस्ते महत्त्वाचे होते. तांत्रिक त्रुटी गौण होत्या. बाहेरच्या प्रेक्षकांना हा प्रयत्न मुख्यतः फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) या माहितीपटातून कळला. त्यामुळे त्यांची दाद चित्रपटापेक्षा निर्मात्यांच्या जिद्दीला अधिक मिळाली. याच चळवळीवर रीमा कागती यांनी 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' (२०२४) हा चित्रपट दिग्दर्शित केला.