पतंग आणि त्याचा दोरा

जानेवारीची थंडी ओसरू लागली की वर्धा, हिंगणघाट, पुलगाव, आर्वी येथील गच्च्यांवर मुलांची गर्दी होते. संक्रांतीच्या दिवशी तर आकाश पतंगांनी भरून जाते. कुणाचा पतंग कटला की 'ओ काट!' अशी आरोळी उठते आणि पोरे गल्लीबोळांतून धावत सुटतात. पाहणाऱ्याची नजर पतंगावर खिळलेली असते. दोऱ्याकडे सहसा कुणी पाहत नाही. पतंगाचा इतिहास मात्र या दोऱ्यानेच घडविला आहे.

पतंगाचा जन्म चीनमध्ये झाला. बांबूच्या कामट्या आणि रेशीम यांपासून तो दोन हजार वर्षांपूर्वी बनू लागला. पुढे रेशमाची जागा कागदाने घेतली. जुन्या मराठीत त्याला 'वावडी' म्हणत. आपल्या संत नामदेवांचे एक पद शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहे. त्यात मुलगा कागद कापून पतंग करतो आणि आकाशात उडवितो. सवंगड्यांशी बोलत असतानाही त्याचे चित्त दोरीवर असते. भक्ताचे मन देवापाशी असेच असावे, हा त्याचा आशय. तेराव्या-चौदाव्या शतकात होऊन गेलेल्या या संताला पतंगातला दोरा नेमका दिसला होता.

शास्त्रही तेच सांगते. दोऱ्याचा ताण पतंगाला वाऱ्यासमोर तिरपा धरून ठेवतो, म्हणून वारा त्याला वर उचलतो. दोरा तुटला की पतंग मुक्त होत नाही. तो गटांगळ्या खात खाली येतो.

माणसाने या दोऱ्याकडून कितीतरी कामे करून घेतली. 1749 मध्ये स्कॉटलंडच्या अलेक्झांडर विल्सन यांनी पतंगांना तापमापक बांधून उंचावरील हवेचे तापमान मोजले. 1752 मध्ये बेंजामिन फ्रँकलिन यांनी आकाशातील वीज पतंगाच्या ओल्या दोरीवरून खाली उतरविली. 1848 मध्ये नायगारा नदीच्या खोल दरीवर झुलता पूल बांधायचा होता. पहिला दोर पलीकडे न्यायचा कसा? होमन वॉल्श नावाच्या किशोरवयीन मुलाने पतंगाचा दोरा पैलतीरी पोहोचविला. त्या दोऱ्यामागून जाड दोर, आणि दोरामागून लोखंडी तार गेली. 12 डिसेंबर 1901 रोजी न्यूफाउंडलंड येथे मार्कोनी यांनी अटलांटिकपलीकडून आलेला बिनतारी संदेश ऐकला, तेव्हा त्यांची तार पतंगानेच उंच धरली होती. आपल्या देशात 1928 मध्ये लखनौच्या आकाशात 'सायमन, परत जा' असे लिहिलेले पतंग झळकले.

मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशाची परंपरा आपल्या कुटुंबांना अधिक जवळची वाटेल. तेथील सुंपांगो आणि सांतियागो साकातेपेकेस या गावांत 1 नोव्हेंबरला, सर्व संतांच्या सणादिवशी, दफनभूमीजवळ भव्य पतंग उभारतात आणि लहान पतंग उडवितात. मृत आप्तांशी नाते जोडणारा धागा, अशी त्यामागची भावना आहे. 2024 मध्ये युनेस्कोने या कलेला मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले.

वर्धा जिल्हा तर सुताचाच. हिंगणघाटचा कापूस एके काळी दूरदेशी नावाजलेला होता. 1934 च्या अखेरीस वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याची धुरा वाहणारे जे. सी. कुमारप्पा हे श्रद्धावान ख्रिस्ती होते. मगनवाडीत हातकागद आणि इतर ग्रामोद्योगांचे प्रयोग झाले. 30 डिसेंबर 1938 रोजी गांधीजींनी मगन संग्रहालयाचे उद्घाटन केले. कागद, सूत आणि बांबू, पतंगाची ही सारी सामग्री गावच्या हातांनी घडू शकणारी आहे. अशी वस्तू बनविताना कुणाचे जीवन हिरावले जाऊ नये, हेच कुमारप्पांच्या अर्थविचाराचे सार होते.

आज त्याच आकाशात नायलॉनचा मांजा आला आहे. काचेची पूड लावलेला सुती मांजाही बोट कापतो, हे खरे; परंतु सूत ताण पडताच तुटते आणि पावसापाण्यात कुजून जाते. नायलॉन सहजी तुटत नाही, कुजतही नाही. महिनोन् महिने झाडांत अडकून तो पाखरांचे पंख कापतो, दुचाकीवरून जाणाऱ्याचा गळा चिरतो. 11 जुलै 2017 रोजी राष्ट्रीय हरित लवादाने त्यावर देशभर बंदी घातली. तरीही दर संक्रांतीला जखमींच्या बातम्या येतच राहतात.

कायदा दुकानापर्यंत पोहोचतो. चक्री मात्र आपल्या घरात असते. मुलाच्या हाती ती देताना दोरा कशाचा आहे, एवढे आईवडिलांनी पाहिले तरी पुष्कळ झाले. सुती दोऱ्याचा पतंग लवकर कटेल, हे खरे. पण पतंग कटल्याचे दुःख संध्याकाळपर्यंत विरते. गळा चिरल्याचे दुःख त्या घरातून कधीच जात नाही.