विलायती मोटार आणि अमेरिकन मोटार : वऱ्हाडच्या सडकेवरून एक तुलना

१

मोटारीच्या मुलुखाविषयी मराठीत जे शब्द रूढ झाले त्यांचा कालक्रम लावू गेल्यास एक गोष्ट विशेषत्वाने नजरेस येते. दोन महायुद्धांच्या दरम्यान गाडी ‘विलायती’ असे किंवा ‘अमेरिकन’ असे. दोन्ही बोटीने येत, दोन्हींवर जकात पडे. तथापि बोलणाऱ्याच्या मनात त्या दोन वेगळ्या जाती होत्या. पुढे १९५० नंतरच्या पिढीत हा भेद मावळला आणि ‘फॉरेनची गाडी’ हा एकच शब्द दोहोंना पुरू लागला. त्याच सुमारास खुद्द अमेरिकेत नेमकी उलट घटना घडत होती. तेथे ‘आयात गाडी’ म्हणजे युरोपातली, आणि तिच्या समोर उभी ती घरची अमेरिकन गाडी, हा भेद हौशी चालकांच्या वादाचा कायमचा विषय होऊन बसला. एकाच वस्तूविषयी दोन देशांत दोन वेगळ्या विभागण्या का पडाव्यात, आणि त्यांपैकी कोणती गाडी ‘सरस’ या प्रश्नास त्यामुळे कोणता अर्थ उरतो, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू होय. या पाहणीसाठी मुंबईसारखे बंदर सोडून पुसदसारखे वऱ्हाडातील गाव दृष्टीसमोर ठेवणे अधिक उपयोगी ठरते. कारण गाडीची खरी परीक्षा बंदरावर होत नाही, सडक संपते तेथे होते.

२

प्रथम यंत्राचा विचार करणे अवश्य आहे. विलायती आणि अमेरिकन इंजिनांत जो फरक दिसतो तो सामान्यतः दोन राष्ट्रांच्या स्वभावावर ढकलला जातो. वास्तविक पाहता त्याचे एक मोठे कारण करआकारणीत आहे. ब्रिटनमध्ये १९२१ पासून मोटारीवर दर अश्वशक्तीमागे एक पौंड असा वार्षिक कर बसला. ही अश्वशक्ती मात्र यंत्रावर मोजलेली नसे. ती सूत्राने काढली जाई. सिलिंडरच्या इंचांतील व्यासाचा वर्ग करावयाचा, त्यास सिलिंडरांच्या संख्येने गुणावयाचे आणि अडीचने भागावयाचे, एवढेच ते सूत्र. दट्ट्या सिलिंडरात किती लांब धावतो याचा त्यात कोठेही हिशेब नव्हता.

या सूत्राचा परिणाम दोन प्रसिद्ध गाड्यांच्या मापांवरून स्पष्ट होतो. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ गाडीच्या सिलिंडरचा व्यास ३.७५ इंच, म्हणजे सुमारे ९५ मिलिमीटर, आणि दट्ट्याची धाव सुमारे १०२ मिलिमीटर होती. मॉरिस कौली या विलायती गाडीच्या दट्ट्याची धावही १०२ मिलिमीटरच होती. परंतु तिच्या सिलिंडरचा व्यास अवघा ६९.५ मिलिमीटर होता. धाव सारखी, व्यास वेगळा. यामुळे फोर्डच्या चार सिलिंडरांचे एकूण आकारमान सुमारे २,८९६ घन सेंटिमीटर भरे, तर मॉरिसचे सुमारे १,५४८. सूत्राप्रमाणे फोर्ड २२.५ अश्वशक्तीची ठरे, मॉरिस ११.९ अश्वशक्तीची; आणि विलायतेतील मालकास फोर्डसाठी जवळजवळ दुप्पट कर भरावा लागे.

प्रत्यक्ष यंत्रावर मोजलेली शक्ती पाहिली म्हणजे हे चित्र उलटते. फोर्डचे मोठे इंजिन मिनिटास सुमारे १,६०० फेऱ्यांवर २० अश्वशक्ती देई. मॉरिसचे लहान इंजिन त्याहून बरेच वेगाने फिरून सुमारे २६ अश्वशक्ती देई. करामुळे ज्याला सिलिंडर अरुंद ठेवणे भाग पडले त्या कारागिराने उणीव वेगाने भरून काढली. ज्याला पेट्रोल स्वस्त व अंतरे लांब होती त्याने इंजिन मोठे ठेवून ते सावकाश फिरविले. पहिल्या इंजिनाचा जोर फेरे वाढल्यावर प्रकट होतो, त्यामुळे चालकास गिअर वारंवार बदलावा लागतो. दुसऱ्याचा जोर आरंभापासूनच चाकांपर्यंत पोचतो. कागदावरची एकच संख्या या दोन प्रकारच्या शक्ती सांगण्यास असमर्थ आहे, हे येथेच लक्षात ठेवणे बरे.

३

आता सडकेकडे वळता येईल. पुसद हे यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण पूस नदीच्या काठी वसलेले आहे. १९०५ च्या पुनर्रचनेपूर्वी हा तालुका वाशिम जिल्ह्यात मोडत असे. दक्षिणेस पैनगंगा, आणि तिच्या पलीकडे १९४८ पर्यंत निजामाचा मुलूख. रुंद रुळांची रेल्वे विसाव्या शतकात येथवर पोचली नाही. म्हणून माल आणि माणूस या दोहोंची मुख्य भिस्त सडकेवर राहिली. पीक कापसाचे, जमीन काळी, आणि वाहन म्हणजे बैलांची बंडी.

काळ्या जमिनीचा गुणधर्म मोटारीच्या दृष्टीने निर्णायक ठरतो. उन्हाळ्यात ती भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि चाकास घट्ट चिकटते. अशा पांधणीतून कापसाच्या बंड्या गेल्या की लोखंडी धावांनी दोन खोल चर पडतात व मध्ये मातीचा उंचवटा उरतो. मराठीत या चरास ‘चाकोरी’ म्हणतात. आज हा शब्द बहुधा लाक्षणिक अर्थानेच वापरला जातो, पण वऱ्हाडात मोटार नेणाऱ्यास त्याचा मूळ अर्थ विसरणे शक्य नव्हते. गाडीचे पोट जमिनीपासून उंच नसेल तर ते मधल्या उंचवट्यास घासे. इंजिनाचा जोर सावकाश फेऱ्यांवर मिळत नसेल तर चाक चिखलातच फिरत राही. रपट्यावरून पाणी वाहत असता गाडी धिमी पण न थांबता न्यावी लागे. तेथे वारंवार गिअर बदलणे म्हणजे मध्येच अडकून पडणे होते.

या तिन्ही कसोट्यांवर अमेरिकन गाडी उतरे, आणि त्याचे कारण गूढ नाही. अमेरिकेच्या मध्यभागातील शेतकऱ्यांचे रस्तेही त्या काळी मातीचेच होते. तिकडच्या चिखलासाठी घडविलेली गाडी इकडच्या चिखलात चालली. विलायती गाडी डांबरी रस्त्यांसाठी, लहान अंतरांसाठी आणि कराच्या सूत्रासाठी घडविली गेली होती. मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर ती चपळ ठरे, पांधणीत तिचा गुण दोष बने. ब्रिटिश साम्राज्यात असूनही हिंदुस्थानच्या मोटार-आयातीत दोन महायुद्धांच्या दरम्यान अमेरिका व कॅनडा यांचा वाटा ब्रिटनहून मोठा राहिला, याची उपपत्ती किमतीइतकीच सडकेच्या या स्थितीतही शोधावयास हवी. हिंदुस्थानात येणारी फोर्ड बहुधा कॅनडातील कारखान्यातून येई, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने ती साम्राज्यातलीच असे. तरीही बोलीभाषेने तिला ‘विलायती’ म्हटले नाही. भाषेने येथे जकातीचा दाखला बाजूला सारून यंत्राची जात ओळखली.

४

१९२८ मध्ये जनरल मोटर्स कंपनीने मुंबईस शिवडी येथे सुटे भाग जोडून शेव्हरोले गाड्या तयार करण्यास आरंभ केला. फोर्ड कंपनीनेही नंतर मुंबईत तसाच उद्योग मांडला. गाडी येथे जोडली जाई, घडविली जात नसे. ती येथेच घडावी यासाठी सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३५ च्या सुमारास योजना आखली. या खटपटीत सोलापूरचे वालचंद हिराचंद पुढे आले आणि १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी करार होऊन १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज, डिसोटो, प्लिमथ या नावांच्या गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे १९५१ मध्ये इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि १९५४ पासून फियाट ११०० त्याच कारखान्यात तयार होऊ लागली.

अमेरिकन व युरोपीय परंपरा एकाच छपराखाली आल्या असे उदाहरण महाराष्ट्रात दुसरे क्वचितच सापडेल. या दोन गाड्यांची मूळ देशांतील मापे शेजारी ठेवली तर दोन संप्रदाय समोर उभे राहतात. महायुद्धानंतरच्या प्लिमथचे सहा सिलिंडरांचे इंजिन सुमारे ३,५६९ घन सेंटिमीटरचे व ९५ अश्वशक्तीचे होते. फियाटचे चार सिलिंडरांचे इंजिन १,०८९ घन सेंटिमीटरचे व ३६ अश्वशक्तीचे. आकारमानाच्या हिशेबाने पाहता इटालियन यंत्र अधिक कार्यक्षम ठरते, कारण दर हजार घन सेंटिमीटरमागे ते सुमारे ३३ अश्वशक्ती देते, तर अमेरिकन यंत्र सुमारे २७. वजनाच्या हिशेबाने पाहता प्लिमथ पुढे जाते. ती सुमारे १,४०० किलोची व फियाट सुमारे ८०० किलोची असल्याने दर टनामागे प्लिमथला सुमारे ६८ अश्वशक्ती लाभते, तर फियाटला ४५. वळणावर पुन्हा निकाल फिरतो. हलकी गाडी ब्रेक लावताच आवरते, वळण सोडत नाही आणि चालकाच्या हातास लगेच उत्तर देते. मद्रासजवळील शोलावरमच्या जुन्या विमानतळावर ज्या शर्यती होत, त्यांत हौशी चालक याच लहान फियाटची यंत्रे सुधारून उतरत, ते या गुणामुळे. तात्पर्य, ‘अधिक जोमदार गाडी कोणती’ या प्रश्नाचे उत्तर भाजक कोणता घेतला यावर अवलंबून राहते.

गोलसर पाठीच्या आरंभीच्या फियाटला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ हे नाव दिले. त्यात थट्टा आहे, पण जिव्हाळाही आहे. परकी वस्तू घरची झाल्याची खूण जकातीच्या कागदावर उमटत नाही. ती अशा टोपणनावात उमटते.

५

तथापि कुर्ल्यातील हा बदल निव्वळ गुणावगुण पाहून झाला नाही. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने अशी भूमिका घेतली की, ज्यांच्याजवळ गाडी क्रमाक्रमाने देशातच घडविण्याची योजना आहे त्यांनीच या धंद्यात राहावे. केवळ सुटे भाग जोडणाऱ्यांनी तो आवरावा. त्यानंतर जनरल मोटर्स व फोर्ड यांनी मुंबईतील जोडणीचे काम बंद केले. परकी चलन दुर्मिळ, पेट्रोल आयातीचे, मध्यमवर्ग लहान. या परिस्थितीत लहान इंजिनाची निवड शहाणपणाची होती, हे नाकारता येणार नाही. पण ती निवड नगराच्या रस्त्यांचा व नगराच्या खिशाचा हिशेब करून झाली. पांधणीचा हिशेब त्यात कोणी मांडला नाही.

तो हिशेब दुसऱ्याच वाहनाने चुकता केला. १९४७ नंतर महिंद्र कंपनीने मुंबईत विलिस जीप जोडण्यास आरंभ केला. तिचे इंजिन सुमारे २,२०० घन सेंटिमीटरचे, ६० अश्वशक्तीचे, सावकाश फेऱ्यांवर जोर देणारे, चारही चाकांस शक्ती पोचविणारी रचना, पोट उंच. मॉडेल टी ज्या गुणांवर वऱ्हाडात टिकली तेच हे गुण होत. अमेरिकन संप्रदाय शहरातून गेला तरी खेड्यातून गेला नाही. त्याने केवळ रूप बदलले. भाषेनेही याची नोंद ठेवली आहे. ‘जीप’ हा शब्द मराठीत विशेषनाम राहिला नाही, तो सामान्यनाम झाला. जर्मन कंपनीच्या नावावरून आलेल्या ‘टेंपो’चेही असेच झाले. प्लिमथ, डिसोटो, ब्यूक ही नावे मात्र विशेषनामेच राहिली व मालकांबरोबर विस्मृतीत गेली. ज्या वाहनाने काम केले त्याचे नाव भाषेने आपलेसे केले.

६

‘फॉरेनची गाडी’ या शब्दाचा जन्म या पार्श्वभूमीवर समजतो. आयातीवर कडक निर्बंध आल्यानंतर परदेशी गाडी मिळण्याचे मार्ग फारच थोडे उरले. वकिलातींतील अधिकाऱ्यांच्या गाड्या पुढे स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकल्या जात, हा त्यांपैकी एक. जेथे जॅग्वार आणि शेव्हरोले दोन्ही सारख्याच अप्राप्य, तेथे त्यांतील भेद कोणास सुचणार? शब्दाने यंत्राची जात सांगणे सोडले आणि मालकाचा दर्जा सांगण्यास आरंभ केला.

अमेरिकेत मात्र गाड्यांची टंचाई नव्हती, निवड होती. महायुद्धानंतर तेथे एम. जी., जॅग्वार यांसारख्या विलायती गाड्या गेल्या. १९६४ मध्ये पाँटियॅक कंपनीने जी. टी. ओ. ही ३२५ अश्वशक्तीची गाडी काढली. तेथील वाद वळण आणि सरळ धाव यांच्यामधला होता. त्या वादातील आकडेही सावधपणे वाचावयास हवेत. १९७० च्या दशकाच्या आरंभापर्यंत अमेरिकेत अश्वशक्ती इंजिन गाडीबाहेर काढून, त्यावरील जोडयंत्रांचा भार वगळून मोजली जाई. १९७२ पासून हा भार धरून मोजण्याची रीत पडली. त्या वर्षी कागदावरील शक्ती उतरली ती सगळीच यंत्रे दुबळी झाल्यामुळे नव्हे. बराचसा फरक मापाचा होता. विलायतेतील १९२१ च्या सूत्राने जे शिकविले तेच येथे पुन्हा दिसते.

आयातीचे दरवाजे १९९१ नंतर उघडू लागले. फोर्ड कंपनी महिंद्रच्या सहकार्याने नाशिकला आली, जनरल मोटर्सने तळेगाव येथे कारखाना घातला, जर्मन कंपन्या पुणे परिसरात स्थिरावल्या. पुढे तळेगावचा कारखाना २०२० च्या अखेरीस थांबला, आणि २०२१ मध्ये फोर्डनेही भारतातील उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. अमेरिकन कंपन्यांनी महाराष्ट्र दुसऱ्यांदा सोडला. या वेळी सडकेचा कौल त्यांच्या बाजूचा नव्हता. सडका सुधारल्या होत्या, आणि लहान इंजिनाची सवय दोन पिढ्यांत पक्की झाली होती.

यावरून अभ्यासकाने एवढा बोध घ्यावा की, ‘विलायती’, ‘अमेरिकन’, ‘फॉरेन’ हे शब्द जुन्या पत्रांत, जाहिरातींत किंवा कथांत आढळले तर त्यांस आजचा अर्थ लावू नये. प्रत्येकामागे एक कर, एक धोरण आणि एक सडक आहे. गाडीचा गुण गाडीतच असतो ही समजूत अपुरी होय. पुसदच्या पांधणीत जी सरस ती शोलावरमला मागे पडेल, आणि शोलावरमची विजयी गाडी पहिल्या पावसातच चाकोरीत रुतून बसेल.