पट्टी सरकते तेव्हा

लग्नसराईत बांबवड्यापासून मलकापूरपर्यंत, कोल्हापूरकडच्या शाहूवाडी तालुक्यातल्या कुठल्याही वरातीत डीजेच्या गाडीवर चढून पाहिले, तर ऑपरेटरच्या उजव्या हाताशी एक उभी सरकपट्टी दिसते. तिला सगळे ‘पिच’ म्हणतात. वरातीतली पोरे आवाजाकडे पाहतात, जाणता ऑपरेटर मात्र या पट्टीवर अंगठा ठेवून असतो. गाणे किती वेगाने जायचे ते ती ठरवते. आपल्याकडे गायकाच्या सुरालाही ‘पट्टी’च म्हणतात. काळी एक, पांढरी दोन ही आपली मोजमापे. एका शब्दात सूर आणि सरकती खूण असे दोन्ही अर्थ यावेत, हा योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो, कारण या यंत्राच्या इतिहासात गती आणि सूर दीर्घकाळ एकमेकांना बांधलेलेच होते.

या पट्टीचा मूळपुरुष शोधायला आपण वाफेच्या यंत्रापाशी जाऊ. 1788 मध्ये जेम्स वॉटने पवनचक्क्यांवरची एक जुनी युक्ती आपल्या इंजिनाला जोडली. दोन गोळे गरगर फिरत, वेग वाढला की बाहेर फाकत आणि वाफेची वाट आवळत. यंत्राने स्वतःचा वेग स्वतः सांभाळण्याची ही रीत पुढे 108 वर्षांनी न्यू जर्सीतल्या कॅम्डेनमध्ये एका छोट्या यंत्रात उतरली. एमिल बर्लिनरचा ग्रामोफोन तोवर हाताने फिरवावा लागे आणि फिरवणाऱ्याच्या मनगटाबरोबर गाणेही डगमगत असे. एल्ड्रिज जॉन्सनने 1896 मध्ये त्याला चावीची स्प्रिंग आणि फिरत्या वजनांचा नियंत्रक बसवला. वजने फाकली की एक चकती सरकून कातडी गादीला घासते आणि वेग आवरला जातो. ती गादी मागे-पुढे करणारा छोटा खिट्टीवजा दांडा तबकडीशेजारी असे. आजच्या सरकपट्टीचे हेच पहिले रूप.

या दांड्याचे महत्त्व आज ध्यानात येत नाही. 1902 च्या अखेरीस फ्रेडरिक गायस्बर्ग कलकत्त्यात गाणी मुद्रित करायला उतरला, तेव्हा 78 हा आकडा अजून पक्का नव्हता. त्या काळच्या तबकड्या मिनिटाला सुमारे 70 ते 90 फेऱ्यांच्या दरम्यान कुठेही भरलेल्या सापडतात. 78 ने भरलेली तबकडी जवळजवळ 83 ने फिरवली, तर काळी एकचा गायक पांढरी दोनमध्ये गातो आणि ताना नसत्या चपळ होतात. ऐकणाऱ्याने दांडा सरकवून गवयाची खरी पट्टी शोधायची, ही ऐकण्याचीच एक विद्या होती.

कोल्हापूरने हाच झगडा दुसऱ्या एका यंत्रात पाहिला. बाबूराव पेंटर स्वतः घडवलेल्या कॅमेऱ्याने मूकपट घेत. 1920 चा ‘सैरंध्री’ त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचाच. अशा कॅमेऱ्याची मूठ हाताने फिरत असे. सेकंदाला साधारण 16 चौकटी धरल्या, तरी मूठ मंदावली की पडद्यावरचा घोडा भरधाव सुटे. मग 1932 मध्ये प्रभातने कोल्हापुरातच ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट केला, आणि आवाज आल्याबरोबर मूठ थांबली. बोलपटाला 24 चौकटींचा पक्का वेग हवा होता, नाहीतर राजाचा आवाज चिरका झाला असता. ज्या शहरात हाताने काळ लांबवला-आखडला जात होता, तिथेच विजेच्या मोटरने काळ बांधून टाकला.

तबकडीचेही तसेच झाले. विजेच्या मोटरी आल्या, 1948 मध्ये 33⅓ फेऱ्यांची लाँग प्ले आली, पुढच्याच वर्षी 45 ची. कॅसेटने तर फीत सेकंदाला 4.76 सेंटीमीटर या चालीने बंद पेटीत घातली. बहुतेक श्रोत्यांच्या हातून गती कायमची गेली.

ती परत मागितली नाचणाऱ्यांनी. 1969 च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये फ्रान्सिस ग्रासो दोन तबकड्यांचे ठेके जुळवून एक गाणे दुसऱ्यात मिसळू लागला, आणि त्यासाठी वेग किंचित हलवता येणारी यंत्रे त्याला लागत. जपानच्या मात्सुशिताने टेक्निक्स या नावाने 1970 मध्ये पट्ट्याशिवाय थेट मोटरवर फिरणारी तबकडी बाजारात आणली, 1972 मध्ये एसएल-1200, आणि 1979 मध्ये तिची दुसरी आवृत्ती. माझ्या मते खरे वळण हेच. गोल बटणाची जागा या आवृत्तीत लांब सरकपट्टीने घेतली. मर्यादा वर-खाली 8 टक्के. क्वार्ट्झ स्फटिकाने वेग पक्का धरायचा आणि पट्टीने तो मोजून सोडायचा, अशा दोन्ही इच्छा एका यंत्रात नांदल्या. तबकडीच्या कडेवरचे ठिपके दिव्याखाली स्थिर दिसले की नेमका वेग कळे. शून्यावर एक खटका होता. तो ऑपरेटरना जाचे, कारण शून्याच्या अगदी जवळचा बारीक फरक साधतच नसे. 1997 च्या आवृत्तीत तो काढला गेला.

आता संवेदनशीलतेचे गणित पाहू. साधारण 10 सेंटीमीटरच्या पट्टीवर 16 टक्के पसरले, तर एका मिलिमीटरला 0.16 टक्के येतात. म्हणजे मिलिमीटरभर चूक झाली, तर मिनिटाभरात दोन ठेके सेकंदाच्या दहाव्या भागाने फाटतात आणि कानाला ते लगेच खुपते. पायोनियरच्या 2001 मधल्या सीडीजे-1000 वर म्हणूनच मर्यादा निवडता येते. 6 टक्क्यांवर ठेवली तर पायरी 0.02 टक्क्यांची. आपल्याकडच्या ग्रामीण गाड्यांवर मात्र बहुधा लॅपटॉप आणि स्वस्त कंट्रोलर असतो. त्याची पट्टी आखूड, आणि साध्या मिडी संदेशात तिचे 128 च टप्पे. सॉफ्टवेअरमध्ये मर्यादा 50 टक्क्यांवर राहिली, तर एक टप्पा जवळजवळ 0.8 टक्क्यांचा होतो. मग 120 च्या ठेक्यावर मिनिटाला जवळपास अख्खी मात्रा निसटते. दोष पोराच्या हाताला दिला जातो. मर्यादा 8 वर आणली की तोच हात शहाणा वाटू लागतो.

दरम्यान संगणकाने सूर आणि गती यांची जुनी गाठही सोडवली. ‘मास्टर टेम्पो’ दाबला की वेग वाढतो, काळी एक काळी एकच राहते. ‘सिंक’ दाबला की दोन गाणी आपोआप जुळतात. तरीही पट्टी गेली नाही, आणि त्याचे कारण कोल्हापूरच्या मातीत आहे. वरातीत डीजेबरोबर हलगी, घुमके आणि कैताळ असले की सिंक निरुपयोगी ठरतो. हलगीवाला नाचणाऱ्यांच्या पायांकडे पाहत कणाकणाने चढतो आणि मध्येच दम देतो. त्याची लय कुठल्याही फाइलमध्ये आखलेली नसते. अशा वेळी ऑपरेटर हेडफोन एका कानावरून सरकवतो, तो कान हलगीला देतो, आणि अंगठ्याने पट्टी केसभर पुढे ढकलतो.