टर्बाइन पात्यांची संगणकीय जाळी

टर्बाइनाच्या पात्यांभोवतीच्या प्रवाहक्षेत्राचे लहान घटकांत केलेले विभाजन. या घटकांवर प्रवाहाची समीकरणे अंकीय पद्धतीने सोडवतात (पहा : द्रायुयामिकी, नाव्हिए-स्टोक्स समीकरणे).

उगम : थॉम्पसन, थेम्स व मॅस्टिन यांनी १९७४ मध्ये वस्तूच्या पृष्ठभागाला अनुसरणाऱ्या वक्ररेषी सहनिर्देशकांची स्वयंचलित रचना मांडली. त्यातून वक्र पात्यांभोवती नियमित जाळी विणणे शक्य झाले.

वैशिष्ट्ये : चक्रावरील पाती सारखी असल्याने सामान्यतः दोन पात्यांमधील एकाच मार्गाची जाळी करून तिच्या बाजूंना आवर्ती सीमा देतात. पात्याभोवती ‘ओ’ किंवा ‘सी’ आकाराची, तर उरलेल्या मार्गात ‘एच’ आकाराची जाळी वापरतात. पात्याचे टोक व आवरण यांतील फटीसाठी स्वतंत्र खंड लागतो. सीमास्तर (पहा : सीमास्तर) थेट सोडवताना पृष्ठभागालगतच्या पहिल्या घटकाचे परिमाणरहित अंतर सुमारे १ ठेवतात, भित्ति-फलन वापरल्यास ते साधारण ३० ते ३०० असते. गुंतागुंतीच्या शीतलन छिद्रांसाठी अनियमित जाळी सोयीची ठरते.

महत्त्व : दाबऱ्हास, उष्णतासंक्रमण व कार्यक्षमता यांच्या अंदाजाची अचूकता जाळीच्या घनतेवर व घटकांच्या आकारावर अवलंबून असते (पहा : टर्बाइन). जाळी क्रमाने सूक्ष्म करूनही उत्तर लक्षणीय बदलत नसेल, तर ते जाळी-निरपेक्ष मानतात.