विमान कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयांचा स्टँडबाय प्रवास

विमान कंपनीचा कर्मचारी किंवा त्याचे कुटुंबीय आसन निश्चित न करता, विमान सुटण्याच्या वेळी जागा रिकामी राहिली तरच ती मिळेल, या अटीवर जो सवलतीचा प्रवास करतात त्याला स्टँडबाय प्रवास असे म्हणतात. अमेरिकेत अशा प्रवाशांना 'नॉन-रेव्ह', म्हणजे कंपनीला महसूल न देणारे, असे संबोधले जाते. ब्रिटनमध्ये 'सबलोड' हा शब्द रूढ आहे. प्रवासाचा खर्च नाममात्र असतो. मात्र जागा न मिळाल्यास भोजनाची, निवासाची किंवा पर्यायी विमानाची व्यवस्था करण्याचे बंधन सामान्यतः कंपनीवर नसते. त्यामुळे परक्या शहरात अडकून पडलेल्या कुटुंबीयांनी कर्मचाऱ्यांसाठी राखलेल्या विश्रांतिकक्षांचा व अन्य सुविधांचा उपयोग करावा की नाही, हा विमान वाहतूक क्षेत्रातील नेहमीचा वादविषय आहे.

स्वरूप

भारतीय रेल्वेच्या कर्मचाऱ्याला मिळणाऱ्या पासशी या सवलतीची तुलना अनेकदा केली जाते. ती अर्धवटच लागू पडते. रेल्वेच्या पासवर आसन किंवा शायिका आरक्षित करता येते. विमान कंपनीच्या स्टँडबाय पासवर फक्त प्रतीक्षायादीत नाव नोंदवता येते, आणि ही यादीही सर्व तिकीटधारक प्रवाशांची सोय झाल्यानंतरच विचारात घेतली जाते. नाव नोंदवण्याला 'लिस्टिंग' आणि विमानातील भरलेल्या-रिकाम्या जागांच्या हिशेबाला 'लोड' असे म्हणतात. जागा न मिळालेल्या प्रवाशाचे नाव बहुधा त्याच मार्गावरील पुढील विमानाच्या यादीत जाते.

पासचा लाभ साधारणतः कर्मचाऱ्याचा जोडीदार, अवलंबून असलेली मुले व आईवडील यांना मिळतो. सेवानिवृत्तांनाही अनेक कंपन्या तो देतात. काही कंपन्यांत मित्रपरिवारासाठी मर्यादित संख्येने 'बडी पास' असतात व त्यांचा क्रम यादीत सर्वांत खाली असतो.

आपल्या कंपनीखेरीज इतर कंपन्यांच्या विमानांनीही सवलतीत प्रवास करता येतो. त्यासाठी कंपन्यांमध्ये परस्पर करार असतात. पूर्वी प्रचलित असलेल्या 'आयडी ९०' या प्रकारात जाहीर भाड्यावर ९० टक्के सूट मिळे. पुढे अंतराच्या टप्प्यांनुसार ठरावीक भाडे आकारणारी 'झेड' ही पद्धत मोठ्या प्रमाणावर स्वीकारली गेली. दुसऱ्या कंपनीच्या यादीत मात्र परका कर्मचारी त्या कंपनीच्या स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या मागे असतो.

पार्श्वभूमी

कर्मचारी व त्यांच्या निकटच्या कुटुंबीयांना मोफत किंवा कमी दराने नेण्याची मुभा अमेरिकेतील १९३८ च्या नागरी विमान वाहतूक कायद्यातच देण्यात आली होती. त्या काळी भाडी शासनाच्या नियंत्रणाखाली असत आणि विमाने क्वचितच पूर्ण भरत. १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकी कंपन्यांच्या विमानांतील निम्म्याच्या आसपासच आसने भरलेली असत. रिकामे आसन विमान सुटताच निरुपयोगी होते. ते कर्मचाऱ्याला दिल्याने कंपनीचे फारसे काही जात नाही, हा या सवलतीमागील साधा हिशेब होय. अमेरिकेच्या प्राप्तिकर कायद्यातही १९८४ साली हेच तत्त्व आले. अतिरिक्त खर्चाविना दिलेल्या अशा सेवेवर कर्मचाऱ्याला कर भरावा लागत नाही. विमान प्रवासापुरता कर्मचाऱ्याच्या आईवडिलांचा प्रवासही कर्मचाऱ्याचाच मानला जातो.

१९७८ मध्ये अमेरिकेत भाड्यांवरील नियंत्रण उठले. पुढे संगणकीय आरक्षण व बदलत्या भाड्यांची पद्धत आली, आणि कंपन्या जवळजवळ प्रत्येक आसन विकू लागल्या. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२४ साली जगभरात सरासरी ८३.५ टक्के आसने भरलेली होती. सरासरीच एवढी असेल तर सुट्ट्यांच्या दिवसांत रिकामी जागा जवळपास नसतेच. पास तोच राहिला, पण त्यावर हमखास घरी पोहोचता येण्याचे दिवस गेले. अडकून पडण्याचा प्रश्न आजच्या स्वरूपात उभा राहिला तो मुख्यतः या बदलामुळे.

अग्रक्रम

यादीतील क्रम प्रथम पासच्या वर्गावरून ठरतो. एका वर्गातील क्रमाबाबत कंपन्यांची धोरणे भिन्न आहेत. युनायटेड व डेल्टा या कंपन्यांत सेवाज्येष्ठता पाहिली जाते, तर अमेरिकन एअरलाइन्समध्ये चेक-इनची वेळ महत्त्वाची ठरते. ज्येष्ठतेच्या पद्धतीत नव्या कर्मचाऱ्याचे कुटुंब सकाळी सर्वांआधी दारात उभे असले, तरी शेवटच्या क्षणी आलेल्या ज्येष्ठ सहकाऱ्याला जागा मिळू शकते.

कर्तव्यावर असलेला, पण त्या विशिष्ट विमानात प्रवासी म्हणून बसवून दुसऱ्या शहरी नेला जाणारा विमान-कर्मचारी या यादीत येत नाही. त्याचे आसन निश्चित असते. ९ एप्रिल २०१७ रोजी शिकागोहून लुईव्हिलला जाणाऱ्या युनायटेडच्या ३४११ क्रमांकाच्या विमानातून एका तिकीटधारक प्रवाशाला बळाने उतरवण्यात आले, ते अशाच चार कर्तव्यस्थ कर्मचाऱ्यांना जागा देण्यासाठी. या घटनेनंतर 'फुकट प्रवास करणाऱ्या कर्मचाऱ्यांसाठी प्रवाशाला काढले' असा समज पसरला, तो चुकीचा आहे. पासवरील प्रवाशासाठी तिकीटधारकाला उतरवले जात नाही. उलट, उशिरा आलेल्या तिकीटधारकासाठी विमानात बसलेल्या पासधारकालाच उठवले जाऊ शकते.

जागा रिकामी दिसूनही ती मिळेलच असे नसते. अतिउष्ण हवामान, आखूड धावपट्टी किंवा जादा इंधन यांमुळे विमानाच्या वजनावर मर्यादा येते, तेव्हा काही आसने रिकामी ठेवूनच विमान सोडावे लागते.

कायदेशीर स्थिती

अडकलेल्या पासधारकाची स्थिती विचित्र असते: कायद्याच्या दृष्टीने तो पुरता प्रवासी नसतो आणि कुटुंबीय असल्याने कर्मचारीही नसतो. युरोपीय संघाच्या २००४ च्या २६१ क्रमांकाच्या नियमानुसार विमान रद्द झाल्यास किंवा फार उशीर झाल्यास प्रवाशाला भोजन, निवास व प्रसंगी भरपाई मिळते. परंतु मोफत किंवा सर्वसामान्य जनतेला उपलब्ध नसलेल्या सवलतीच्या भाड्याने प्रवास करणारे लोक या नियमाच्या कक्षेतून स्पष्ट शब्दांत वगळले आहेत. वारंवार प्रवास केल्याबद्दल बक्षीस म्हणून मिळालेली तिकिटे मात्र त्या कक्षेत येतात. अमेरिकेतही आसन नाकारल्याबद्दलची भरपाई निश्चित आरक्षण असलेल्यालाच मागता येते.

या भेदाचा अर्थ एप्रिल २०१० मध्ये ठळकपणे दिसून आला. आइसलँडमधील एयाफ्यात्लायोकुत्ल या ज्वालामुखीच्या राखेमुळे युरोपचे बहुतांश आकाश सुमारे सहा दिवस बंद राहिले आणि जवळपास एक लाख उड्डाणे रद्द झाली. अशा नैसर्गिक आपत्तीतही तिकीटधारकांच्या भोजन-निवासाची जबाबदारी कंपनीवरच राहते आणि तिला कालमर्यादा नाही, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने ३१ जानेवारी २०१३ रोजी दिला. पासधारकांना हे संरक्षण नव्हते. शिवाय आकाश खुले झाल्यावर अडकलेल्या तिकीटधारकांना आधी न्यावे लागले, त्यामुळे पासधारकांची पाळी सर्वांत शेवटी आली.

अपघाताच्या बाबतीत स्थिती वेगळी आहे. १९९९ चा माँट्रियल करार विमान कंपनीने केलेल्या मोफत आंतरराष्ट्रीय वाहतुकीलाही लागू होतो, त्यामुळे मृत्यू किंवा इजा झाल्यास पासधारकाचे हक्क तिकीटधारकासारखेच राहतात. भारत २००९ पासून या कराराचा पक्ष आहे.

अडकून पडण्याची कारणे व परिणाम

गर्दीचा हंगाम, वादळे व हिमवर्षाव, आणि आधी रद्द झालेल्या विमानांतील तिकीटधारकांचा भार ही अडकण्याची नेहमीची कारणे होत. शेवटच्या कारणाचा परिणाम अनेकांच्या लक्षात येत नाही. सकाळचे एक विमान रद्द झाले की त्यातील दीडशे-दोनशे प्रवासी दिवसभराच्या उरलेल्या जागा भरून टाकतात आणि सकाळी आशादायक वाटणारा 'लोड' दुपारपर्यंत नाहीसा होतो. डिसेंबर २०२२ च्या अखेरीस साउथवेस्ट कंपनीची सोळा हजारांहून अधिक उड्डाणे रद्द झाली. अशा वेळी पासचा उपयोग शून्यवत होतो. गर्दीच्या ठरावीक दिवसांत काही प्रकारच्या पासांवर कंपन्या स्वतःहूनच बंदी घालतात.

कुटुंबाच्या बाबतीत आणखी एक पेच असतो. चार जणांचे कुटुंब यादीत असेल आणि दोनच जागा उरल्या, तर विभागून जायचे की चौघांनी थांबायचे, हे दार बंद होण्यापूर्वीच्या काही मिनिटांत ठरवावे लागते. लहान मुलांना पालकांशिवाय स्टँडबाय प्रवास करू देत नाहीत. सामान पुढे गेले आणि माणसे मागे राहिली, असेही घडते.

आंतरराष्ट्रीय प्रवासात व्हिसाचा प्रश्न सर्वांत गंभीर असतो. पारगमन क्षेत्रात अडकलेल्या व्यक्तीकडे त्या देशात प्रवेशाचा व्हिसा नसेल, तर शहरातील हॉटेलचे पैसे देण्याची तयारी असूनही तिला विमानतळाबाहेर पडता येत नाही. भारतीय पारपत्रावर प्रवास करणाऱ्यांना ही अडचण अमेरिकी किंवा युरोपीय पारपत्रधारकांपेक्षा अधिक जाणवते. परदेशी विमान कंपनीत नोकरी करणाऱ्या मुलाच्या किंवा मुलीच्या पासवर भारतातून निघालेले वृद्ध आईवडील हे याचे नेहमीचे उदाहरण होय. त्यांच्यासोबत कर्मचारी स्वतः बहुधा नसतो, औषधे सामानात गेलेली असतात आणि यादीचे व्यवहार त्यांना परिचित नसतात.

कर्मचारी सुविधांचा वापर

मोठ्या विमानतळांवर, विशेषतः कंपनीच्या मुख्य तळांवर, कर्मचाऱ्यांसाठी क्रू रूम, आरामखुर्च्या असलेला शांत कक्ष, स्नानगृह, छोटे स्वयंपाकघर व उपाहारगृह अशा सोयी असतात. अडकलेल्या कुटुंबाला त्यांचे आकर्षण वाटणे स्वाभाविक आहे. रात्री अकरानंतर टर्मिनलमधील दुकाने बंद होतात, बाकांना मधोमध हात असल्याने आडवे होता येत नाही आणि दिवे विझत नाहीत.

पहिला अडथळा सुरक्षेचा असतो. यांपैकी बहुतेक खोल्या प्रवाशांना मज्जाव असलेल्या भागात असतात. अमेरिकेत त्या भागात वावरण्यासाठी विमानतळाचे ओळखपत्र लागते. भारतात नागरी विमान वाहतूक सुरक्षा विभागाचा प्रवेश परवाना आवश्यक असतो. कर्मचाऱ्याचा हा परवाना कुटुंबाला लागू होत नाही. परवाना नसलेल्याला स्वतःच्या ओळखपत्रावर दार उघडून आत घेणे हा सुरक्षा नियमांचा भंग ठरतो व त्यात परवाना आणि नोकरी दोन्ही जाऊ शकतात. सोबत राहून पाहुण्याला आत नेण्याची तरतूद काही विमानतळांवर असली, तरी ती कामापुरती असते.

दुसरा आक्षेप विश्रांतीचा आहे, आणि तो अधिक विचारात घेण्याजोगा आहे. वैमानिकांच्या कर्तव्यकाळासंबंधीचे अमेरिकी नियम ४ जानेवारी २०१४ पासून लागू झाले. विश्रांतीची योग्य जागा म्हणजे तापमान, आवाज व प्रकाश यांवर नियंत्रण असलेली आणि आडवे किंवा जवळपास आडवे होऊन झोपता येईल अशी जागा, अशी व्याख्या त्यांत दिलेली आहे. शांत कक्षात झोपलेली व्यक्ती दोन तासांनी विमान चालवणार असू शकते. तेथे लहान मुलाचे रडणे ही केवळ गैरसोय राहत नाही. म्हणूनच दाराबाहेरच्या बैठकीच्या खोलीत कुटुंबाला बसू देणारे कर्मचारीही शांत कक्षाबाबत सहसा सवलत देत नाहीत.

प्रत्यक्ष व्यवहार तळानुसार बदलतो. काही कंपन्या कर्मचारी सोबत असल्यास कुटुंबीयांना सुरक्षित क्षेत्राबाहेरील कर्मचारी-कक्षात बसू देतात, काही अजिबात देत नाहीत, तर अनेक ठिकाणी लेखी नियम नसून तेथील पर्यवेक्षकाच्या संमतीवर सारे अवलंबून असते. लेखी नियम नसणे कुटुंबाच्या हिताचे असते, असे काहींना वाटते. त्यात तथ्य असले, तरी ज्याची ओळख आहे त्यालाच खोली मिळते, हा त्याचा दुसरा परिणाम होय. नव्या किंवा कंत्राटी कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला अशी ओळख नसते.

प्रवाशांसाठीच्या आरामदायी लाउंजमध्ये पासधारकांना प्रवेश देण्यावर बऱ्याच कंपन्यांनी निर्बंध घातले आहेत, कारण तेथील जागा सदस्यत्व घेतलेल्या प्रवाशांनाच अपुरी पडते. विमानातील जादा क्रू-आसन हा घरी पोहोचण्याचा मार्गही कुटुंबीयांना खुला नसतो. वैमानिककक्षातील आसनावर केवळ पात्रता तपासलेल्या कर्मचाऱ्यांनाच बसता येते.

उपयोगी पडतात त्या प्रामुख्याने टर्मिनलबाहेरच्या गोष्टी. अनेक हॉटेले विमान कर्मचाऱ्यांना ओळखपत्रावर कमी दर देतात. अडकलेल्या प्रवाशांसाठी कंपनीने ठरवून घेतलेला दर पासधारकालाही द्यावा, अशी विनंती विमानतळावरील कर्मचाऱ्याला करता येते. मान्य करणे त्याच्या इच्छेवर असते. त्या शहरातील सहकाऱ्याने कुटुंबाला रात्रीपुरते घरी नेणे ही या व्यवसायातील जुनी रीत आहे. अनुभवी कर्मचारी कुटुंबाला पाठवताना परतीच्या एका पूर्ण भाड्याच्या तिकिटाएवढे पैसे व दोन दिवसांची औषधे हातातील पिशवीत ठेवण्यास सांगतात, आणि शेवटच्या विमानाऐवजी दिवसाच्या पहिल्या विमानासाठी नाव नोंदवतात.

वर्तनाचे नियम

पासधारकाच्या वर्तनाची जबाबदारी कर्मचाऱ्यावर असते. दारावरील कर्मचाऱ्याशी वाद, मद्यप्राशन करून गोंधळ किंवा पासची विक्री यांसाठी सवलत रद्द होते. विक्रीच्या प्रकरणात नोकरीही जाते. पोशाखाचेही नियम असतात. २६ मार्च २०१७ रोजी डेन्व्हर विमानतळावर पासवर प्रवास करणाऱ्या दोन मुलींना लेगिंग्ज घातल्यामुळे युनायटेडच्या विमानात प्रवेश नाकारण्यात आला, तेव्हा समाजमाध्यमांवर मोठी टीका झाली. हा नियम तिकीटधारकांना लागू नाही, पासधारक कंपनीचे प्रतिनिधी मानले जातात, असे कंपनीने स्पष्ट केले. गैरसोयीच्या वेळी ज्यांना कंपनीचे मानले जात नाही, त्यांना पोशाखापुरते मात्र प्रतिनिधी ठरवणे, ही विसंगती त्या चर्चेत फारशी पुढे आली नाही.

भारतात

एअर इंडियाचे मुख्यालय २०१३ पर्यंत मुंबईत होते आणि कालिना येथे कंपनीची मोठी कर्मचारी वसाहत होती. त्यामुळे पासवरील प्रवास मुंबईतील अनेक मराठी कुटुंबांच्या परिचयाचा आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी ही कंपनी टाटा समूहाकडे गेली.

कंपनीच बंद पडल्यास पास व इतर कंपन्यांशी असलेले करार दोन्ही एकदम संपुष्टात येतात. किंगफिशरची उड्डाणे ऑक्टोबर २०१२ मध्ये, जेट एअरवेजची १७ एप्रिल २०१९ रोजी आणि गो फर्स्टची ३ मे २०२३ रोजी थांबली. अशा वेळी पासवर बाहेरगावी गेलेल्या कुटुंबाला परतीचे पूर्ण भाडे स्वतः भरावे लागते, आणि तेही एक कंपनी कमी झाल्यामुळे भाडी वाढलेली असताना.